बरी आणि बराबर

कराडच्या स्टँडवर उभी राहून मी जन्मभर लोकांना एकच प्रश्न विचारला, 'कुठं जायचं?' निवृत्त झाले तशी लोक तोच प्रश्न मला विचारायला लागले. मी म्हटलं, हिंगोलीला. माझी जाऊ चपाती लाटत होती. ती लाटणं थांबवून म्हणाली, "हिंगोलीला? तिथं आपलं कोण मेलंय?" आपल्याकडं माणूस देवाला जातो, लग्नाला जातो, नाहीतर मयताला जातो. चौथं कारण कुणाला पटत नाही. माझं कारण चौथं होतं, आणि ते ऐकून तिनं लाटणं खालीच ठेवलं.

कारण असं. मी एसटीत कंडक्टर असताना मला डिप्रेशन आलं. साधं सांगते, कारण हे साधंच सांगायचं असतं हे मी आता शिकलेय. सकाळची गाडी लागली होती, माणसं भरली होती, आणि माझा हात घंटीच्या दोरीपर्यंत जाईना. दुखत नव्हता, नुसता जाईना. मग घरी बसले. झोप गेली, भूक गेली, बोलणं गेलं. नवऱ्याला वाटलं हे बाहेरचं काहीतरी आहे, म्हणून लिंबं झाली, नारळ झाले. शेवटी धाकट्या बहिणीनं दंडाला धरून मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडं नेलं. गोळ्या घेतल्या, त्यांच्यापुढं बसून बोलले, रडले, आणि सावकाश बरी झाले. दोरी परत हातात आली. पण गल्लीतल्या बायका मला हळदीकुंकवाला बोलवायच्या, आणि तान्हं लेकरू काही माझ्या मांडीवर द्यायच्या नाहीत. त्याचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे. त्या रागाच्या जोरावर मी गावोगाव फिरते, आणि चार माणसं जमली की स्वतःची गोष्ट सांगते.

अशाच एका शिबिरात हिंगोलीच्या प्रज्ञाताई भेटल्या. त्या नर्स आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी खेड्यापाड्यांत जाऊन मनाच्या आजारांबद्दल बोलतात. मला म्हणाल्या, "आमच्याकडं या. तुमचा आवाज लांब जातो." हे कौतुक होतं की टोमणा होता हे मी अजून ठरवलेलं नाही, पण पिशवी भरली.

हिंगोली

वाटेतलं काही सांगत नाही. गाडीतला प्रवास हा माझा धंदा होता, त्याचं मला कौतुक नाही.

उन्हाळ्यात हिंगोलीला जाऊ नका असं शहाणी माणसं सांगतील. मी म्हणते जा, कारण हळद तेव्हाच असते. मोंढ्यात, म्हणजे तिथल्या बाजारपेठेत शिरलात की वास आधी नाकात जातो, मग घशात, मग पदराला चिकटून घरी येतो. हळकुंडांचे ढीग, पोत्यांच्या थप्प्या, हमालांचे पाय घोट्यापर्यंत पिवळे, आणि चहाच्या कपाच्या कानालाही पिवळा डाग. आमच्याकडं सांगलीचा हळदीचा बाजार मोठा, म्हणून मी जरा नाक वर करूनच गेले होते. ते तिथं शिंकून शिंकून खाली आलं.

प्रज्ञाताईंच्या घरी 'जयभीम' झाला, पाणी झालं, आणि ताई थेट जेवायला बसवायला लागल्या. गरम पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा. वाढता वाढता त्यांनी विचारलं, वरून सांबार टाकू का? आता पिठल्यावर कुणी सांबार ओततं का हो? मी म्हटलं, नको, वेगळ्या वाटीत द्या. ताईंनी माझ्याकडं जरा बघितलं आणि गुमान वाटीभर कोथिंबीर आणून ठेवली. इकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी आता कबूल कशी करू? ती वाटी मी चमच्यानं खाल्ली. नंतर सांगितलं तेव्हा ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

दुसरा शब्द मात्र मला लगेच आवडला. बराबर. रिक्षावाला म्हणाला, बराबर बैठो. चहावाल्यानं विचारलं, साखर बराबर हाय का. शेजारच्या आजीबाईंनी ओळखदेख नसताना विचारलं, तब्येत बराबर? आमच्याकडं बरोबर म्हणजे गणित चुकलं नाही, किंवा मग कुणाच्या सोबत. इथं त्याच शब्दात ठीक, नीट, सोबत आणि सारखं असं सगळं बसतं. एवढ्याशा जागेत इतकी माणसं बसलेली बघून माझ्यातल्या कंडक्टरला बरं वाटलं.

ऊन उतरल्यावर अंगणात एक बाई येऊन बसली. तिशीची असेल, सावळी, अंगानं काटक, चपला पार झिजलेल्या. ती मुक्ता. सिद्धेश्वरची, घरची शेळ्यामेंढ्या राखणारी. महिन्याच्या गोळ्या न्यायला ती हिंगोलीला येते आणि जाताना ताईंकडं टेकते. ताईंनी माझी ओळख करून दिल्यावर तिनं मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "तुमीबी गोळी खाता?"

मी म्हटलं, खात होते. डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. परत लागली तर परत खाईन.

"माझी बंद व्हायची न्हाई म्हनतेत."

मग काय झालं, मी म्हटलं, माझ्या सासूची बीपीची गोळी कुठं बंद झाली? ती मेली तेव्हा उशाला होती. मुक्ता हसली, आणि मग तिनं आपणहून सगळं सांगितलं. लग्न होऊन सासरी गेली आणि कानात आवाज यायला लागले. आसपास कुणी नसायचं, पण आवाज शिव्या द्यायचे, धरणाकडं चल म्हणायचे. नवऱ्यानं एक दिवस माहेरी आणून सोडली ती सोडलीच. अंगारेधुपारे झाले. पुढं प्रज्ञाताई त्या गावात गेल्या होत्या, त्यांच्या कानावर आलं, त्यांनी डॉक्टरांपर्यंत नेलं. औषध लागू पडलं, आवाज थांबले. आता ती भल्या सकाळी कळप घेऊन बाहेर पडते. "आता फक्त शेरडंच बोलतेत," ती म्हणाली. धाकट्या भावाचं, हरीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. त्या गडबडीतच ती गोळ्या न्यायला आली होती, आणि जाताना मला घरी यायचं आवतण देऊन गेली.

वारंगा फाटा

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला वारंगा फाट्याला नेलं. चारी दिशांचे ट्रक, टपऱ्या, पंक्चरची दुकानं, भजी. सगळे कुठूनतरी कुठंतरी चाललेले आणि सगळ्यांना चहा हवा. बोलायला याहून चांगली जागा नाही. ताईंनी माईक आणला होता, तो एकदा खरखरला आणि गप्प झाला. ताईंचा चेहरा पडला. मी एका बाकड्यावर चढले आणि सवयीनं ओरडले, "चला, पुढं सरका, मधे जागा आहे!" आणि काय सांगू, अख्खा घोळका दोन पावलं पुढं सरकला.

मी माझी गोष्ट सांगितली. हात दोरीपर्यंत न जाण्याची. मनाचा आजार हा आजार असतो, तो पाप नसतो, करणी नसते, आणि औषधानं त्याला उतार पडतो हे सांगितलं. पाठीमागून गालात पान कोंबलेल्या एकानं विचारलं की बाई, येड्याच्या इस्पितळातून सुटून आल्या का? माणसं हसली. मी म्हटलं, सुटून नाही, बरी होऊन. तुमचा दात किडला तर तुम्ही दवाखान्यातून सुटून येता का? मग माणसं त्याला हसली.

गर्दी पांगल्यावर जे होतं ते कराडला होतं, साताऱ्याला होतं, इथंही झालं. एकेक जण बाजूला घेतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, 'आमच्या एका ओळखीच्याला...' स्वतःला आजार कधी कुणाला नसतो. घरातही नसतो. सगळा आजार त्या ओळखीच्याला. तो बिचारा ओळखीचा झोपत नाही, रडतो, विहिरीकडं बघत बसतो. मी कधी विचारत नाही तो कोण. शेवटी आला तो पानवालाच. तोंडातलं पान थुंकून आला होता. त्याच्या ओळखीच्याला सहा-सहा महिने घराबाहेर पाऊल टाकावंसं वाटत नव्हतं. मी ताईंना भेटायचा वार आणि जागा सांगितली, आणि म्हटलं, ओळखीच्याला सोबत घेऊनच या.

सिद्धेश्वर

पूर्णेवरचं धरण बघायला मी गेले आणि मुक्ताचे आवाज मनात असल्यामुळं आधी काठापासून चार पावलं लांबच उभी राहिले. मग मासे धरणारे दिसले, पाण्यावर वाकलेल्या बायका दिसल्या, आणि पलीकडच्या माळावर मुक्ता कळपामागं चाललेली दिसली. आवाजांनी जिथं बोलावलं होतं तिथंच ती रोज शेळ्यांना पाणी पाजते. मला तिचं फार कौतुक वाटलं, आणि मी ते तिला तिथंच सांगितलं. ती म्हणाली, शेरडांना तहान लागती, दुसरं पानी कुठं हाय.

घरी मांडवाचे बांबू येऊन पडले होते. हरी, तिचा भाऊ, खड्डे खणत होता. वडील निवृत्तीमामा दाव्याला पीळ देत बसले होते, बोलणं अगदी कमी. आई गयाबाई तव्यापाशी. धरणातले मासे त्यांनी तिखट-मीठ लावून असे तळले होते की आमच्या कृष्णेची आठवण काढायचं मी विसरले. ओसरीत ओळीनं ताटं मांडली. आम्ही बसलो. मी बघते तर मुक्ता ओळीत नाही. पलीकडं, शेळ्या बांधायच्या जागेपाशी, ती पोचे आलेली एक जर्मनची, अ‍ॅल्युमिनियमची ताटली घेऊन बसली होती. कुणी तिला तिथं बस म्हणालं नव्हतं. आजारपणात तिचं ताट वेगळं केलं ते वेगळंच राहिलं होतं.

जेवणं झाल्यावर गयाबाईंनी मला चुलीपाशी बोलावलं. पदरानं तोंड पुसलं, इकडं तिकडं बघितलं.

"बाई, तुमी परवा गावाला जाऊन राहिल्या ना? माझ्या लेकीला संगं न्या. लगीन उरकलं की धाडून द्या."

मला आधी वाटलं, लेकीला जरा हवापालट म्हणून सांगतात. मग त्यांनी बाकीचं सांगितलं. हरीची आधी एक सोयरीक ठरली होती. मुक्ताचं कळलं आणि मोडली. या वेळी वारंग्याकडचे सोयरे आले तेव्हा घरच्यांनी सांगून टाकलं की लेक दिल्या घरी सुखात आहे. आता ती मांडवात दिसली की चार तोंडं बोलणार. माझं डोकं तापलं. मी काही तोडून बोलणार होते, पण त्याच दमात गयाबाई म्हणाल्या की लेकीला आवाज यायचे तेव्हा त्या तिच्या पदराला स्वतःच्या पदराची गाठ मारून झोपायच्या, ती उठली तर आपल्याला जाग यावी म्हणून. अशा बाईला काय बोलायचं? लेकीला धरणापासून जिनं वाचवलं तीच तिला मांडवापासून लपवत होती. दोन्ही मायेनंच.

मागं मुक्ता उभी होती. ताटली धुवायला आलेली. सगळं ऐकलेलं. मला वाटलं आता रडेल. तिनं ताटली खाली ठेवली.

"माय, मी बरी झाले ना?"

"झालीस गं बाई. देवाची किरपा."

"बरी झाले म्हनतीस. मंग मला बराबर कवा धरशील?"

गयाबाई चुलीतलं लाकूड मागं ओढायला लागल्या. हरीच्या हातातली पहार थांबली होती. गावोगाव बाकड्यावर चढून मी जे सांगत फिरते ते सगळं या एका वाक्यात आलं होतं. बरं करायचं काम डॉक्टर करतात. बराबर धरायचं काम घरानं करायचं असतं, आणि तिथंच गाडी अडते.

हरी पुढं आला. म्हणाला, अक्का करवली व्हईल. दुसरी कुणी न्हाई. गयाबाईंनी कपाळाला हात लावला. मुक्ता मात्र म्हणाली, अशी न्हाई. लपून करवली व्हायची न्हाई. आधी त्यांना सांगायचं, मी सांगनार. मोडायचं त्यांनी ठरवलं तर मोडू दे, पन माह्या नावानं खोटं बोलून पोरगी घरात आनायची न्हाई.

हरीचा चेहरा बघवत नव्हता. त्याला ती मुलगी मनापासून आवडली होती. सगळ्यांनी निवृत्तीमामांकडं बघितलं. मामांनी दावं पिळून पूर्ण केलं, टोकाला गाठ मारली आणि म्हणाले, "जाऊन या." मी तिथंच ठरवलं की मीही जाणार. परतीचं तिकीट रद्द केलं. जन्मभर तिकिटं दिली, पण एखादं रद्द करण्यात एवढं सुख असतं हे माहीत नव्हतं.

पुन्हा वारंगा फाटा

प्रज्ञाताईंची ड्यूटी होती, त्यामुळं आम्ही तिघंच निघालो. मुक्ता खिडकीशी, हरी मधे, मी कडेला. कंडक्टर पोरगी तरणी होती. तिनं घंटी मारली की माझा हात आपोआप वर जायचा. मुक्तानं विचारलं, "मावशी, भ्या वाटून राहिलं का?" मी म्हटलं, मला कशाला? तर म्हणाली, मला वाटून राहिलं. आणि तिनं माझा हात धरला. तो तिनं उतरेपर्यंत सोडला नाही.

नवरीचं गाव वारंग्याच्या पुढं. नवरीचे वडील मारोतराव, तेही शेळ्यामेंढ्यावालेच. अचानक आलेले सोयरे बघून घर धावपळीला लागलं. पाटी भरून खारे शेंगदाणे आले, चहा आला. हरी बोलायला लागला तशी मुक्तानं त्याला थांबवलं आणि म्हणाली:

"मी ह्याची मोठी बहीन. मी दिल्या घरी न्हाई, माहेरीच हाय. मला डोक्याचा आजार झाला व्हता, कानात आवाज यायचे. आता येत न्हाईत. रोज गोळी खाते, जलमभर खावी लागंल. कुनाला मारलं न्हाई, कुनाचं काही बिघडवलं न्हाई. तुमची पोरगी माझ्या घरात येनार हाय, तिला हे ठाऊक पायजे."

मारोतरावांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला. सुपारी फुटली तेव्हा काहून नाही सांगितलं, पाहुण्यांना आवतणं गेली, आता सांगून राहिले? त्यांचा राग खोटा नव्हता, आणि मला तो मान्यही होता. फसवल्याचा राग होता तो. हरीनं हात जोडले, चूक झाली म्हणाला. मी तोंड उघडलं आणि माझी गोष्ट सांगितली, पण बाकड्यावरून सांगते तशी नाही. बसून, हळू आवाजात. मलाही हा आजार झाला होता, मी बरी होऊन परत गाडीवर चढले, रोज शेकडो माणसं माझ्या भरवशावर बसून गेली, एवढंच. मारोतराव आत निघून गेले. आतून बोलण्याचा आवाज येत राहिला, शब्द कळत नव्हते. दारामागं नवरीची, वर्षाची, फक्त हिरवी ओढणी दिसत होती.

शेवटी त्यांनी बाहेर येऊन सांगितलं, जा, फोन करतो. आम्ही उठलो. चप्पल घालताना वर्षाची आई माझ्याजवळ आली. हळद लागलेली बोटं एकमेकांवर चोळत, खाली बघून म्हणाली, "बाई, आमच्या एका ओळखीच्या बाईला रात रात झोप न्हाई. रडू येतं, काहून ते समजत न्हाई. तिला गोळी मिळंल का?"

मी तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली आणि नजर काढून घेतली. म्हटलं, मिळेल. आधी डॉक्टर तिच्याशी बोलतील. तिला म्हणावं, हिंगोलीला प्रज्ञाताईंना भेट, मी सांगून ठेवते. मुक्तानं ते ऐकलं. ती परत फिरली आणि म्हणाली, त्या बाईला म्हनावं, मी येईन तिच्यासंगं.

फाट्यावर बसची वाट बघत बसलो. भजी मागवली, हरीनं हात लावला नाही. मुक्तानं पोटभर खाल्ली, पर्समधून गोळीचं पाकीट काढलं, आणि सगळ्या टपरीसमोर, पाठ न वळवता, गोळी तोंडात टाकून वर पाणी प्यायली. चहावाला बघत होता. तिनं त्याच्याकडं बघून सांगितलं, डोक्याची हाय. तो म्हणाला, माझी शुगरची हाय, आणि गिऱ्हाइकाकडं वळला.

बस दिसली आणि हरीचा फोन वाजला. मारोतराव. हरी नुसता 'व्हय, व्हय' करत राहिला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते, मुक्ता रस्त्याकडं. फोन ठेवून तो बोलेचना. मी ओरडले, अरे बोल की लेका, बस सुटेल!

"म्हनले, उष्टी हळद येळंवर पाठवा," तो म्हणाला. "आन् हळद तुमच्या घरच्या लेकीनंच आनायची, म्हनले."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद वाटीत घालून नवरीकडं पाठवतात, ती उष्टी हळद. ती मागवणं म्हणजे लग्न उभं आहे. आणि ती नवऱ्याच्या बहिणीनं आणायची म्हणणं म्हणजे काय, ते त्या फाट्यावर आम्हा तिघांनाच कळलं. मुक्ता तेव्हा रडली. आवाज काढून, बस येऊन थांबली तरी. मी येतानाच्याच कंडक्टर पोरीला हात करून सांगितलं, जरा थांब गं, माझी पॅसेंजर रडतेय.

हळद

सगळं गोड झालं असं लिहून मी तुम्हाला फसवणार नाही. हळदीच्या दिवशी एका चुलतीनं मुक्ताच्या हातून लावलेली हळद सगळ्यांदेखत पदरानं पुसली. आदल्या आठवड्यात गयाबाई गप्प बसल्या असत्या. त्यांनी वाटी घेतली, मुक्ताच्या हातात परत दिली आणि स्वतःचा गाल पुढं केला. चुलती जेवायला थांबली नाही. तिच्यावाचून काही अडलं नाही.

वाटी घेऊन मुक्ता वारंग्याकडं गेली, मीही गेले. लग्नाचं सविस्तर सांगत नाही, लग्नं सगळीकडं सारखीच रेटारेटीची. मुक्ता करवली म्हणून हरीच्या मागं उभी होती, नवं लुगडं, हातात दिवा. बघायला माणसं माना वळवत होती. तिनं मान खाली घातली नाही.

वरात सिद्धेश्वरला आली. नवरी उंबऱ्यापाशी आली की नवऱ्याची बहीण दार अडवते, ही रीत आमच्याकडंही आहे. बहीण विचारते, तुझी लेक माझ्या लेकाला देशील का? नवरी हो म्हणते, मग वाट मोकळी होते. मुक्ता दारात आडवा हात लावून उभी राहिली आणि एकदम सगळ्या बायका गप्प झाल्या. हिला ना लेक, ना संसार. ही काय मागणार? हे आधी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मुक्तानं वर्षाकडं बघितलं.

"माह्याबराबर जेवशील का?"

वर्षानं मुंडावळ्या बाजूला केल्या. "जेवीन की. सरका आता, लई भूक लागून राहिली."

बायका हसल्या, हात खाली आला, नवरी घरात आली.

ओसरीत ताटं मांडली. घाईत कुणीतरी नेहमीच्या सवयीनं ती पोचे आलेली जर्मनची ताटलीही आणून टेकवली. ती नेमकी वर्षाजवळ आली. वर्षानं ती स्वतःपुढं ओढली, आपलं स्टीलचं ताट शेजारी मुक्तापुढं सरकवलं आणि मांडी घातली. ती ताटली कुणाची हे तिला माहीत होतं की नव्हतं, मी विचारलं नाही. गयाबाई भात घेऊन आल्या. ताटलीकडं बघून त्यांचा हात हवेतच थांबला. मग त्या खाली वाकल्या, आणि दोघींना त्यांनी बराबर वाढलं.